फोडणीवर आलेला आळ

आमच्या घरात कुणाला जखम झाली की चुलीवरची फोडणी बंद होई. विळ्याने बोट कापलं तर दोन दिवस, मोटेच्या दोराने तळहात सोलवटला तर चार दिवस, आणि जखम चिघळलीच तर ती सुकेपर्यंत. तेलात मोहरी तडतडली, लसूण लाल झाला की तो वास जखमेला लागतो आणि जखम पिकते, अशी आमच्या वाशीमकडे तेव्हा पक्की समजूत होती. शेजारच्या मळ्यात कुणाला गळू झालं तर तिथली बाई कुंपणापाशी येऊन सांगून जाई आणि मग आम्हीही तेवढे दिवस फोडणी देत नसू. ते दिवस माझ्या जिभेला अजून आठवतात. पांढरं वरण, मीठ घालून उकडलेली चवळी, कालची भाकर ताकात कुस्करून. घरात आजार आहे हे मला कण्हण्याच्या आवाजावरून कळत नसे, ते चुलीवरचा चर्र आवाज बंद झाल्यावरून कळे.

आमचा मळा गावाच्या वेशीबाहेर अनसिंगच्या रस्त्याला होता. विहिरीवर मोट चाले आणि उजाडल्यापासून तिच्या चाकाची कुरकुर घरात येत राही. बाबा बैलांशी बोलत मोट हाकायचे. दिवसभरात माणसांपेक्षा बैलांशीच जास्त बोलायचे. वांगी, मेथी, मुळा, सांभार म्हणजे कोथिंबीर, चवळी असा माल निघे आणि तो बाजारात नेण्याचं काम आत्याचं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि घर तिच्या शब्दावर चाले. डोक्यावर भरलेली पाटी घेऊन ती सरळ मानेनं अशी चाले की रस्त्यावरची बैलगाडी बाजूला व्हायची. माय तिच्या अगदी उलट. माय कमी बोले. वाफ्यात अनवाणी पायांनी फिरे, आणि दुपारी ओसरीवर बसून मेथीच्या जुड्या बांधताना मला म्हणे, "वाच वं काई."

मी काय वाचायची, तर छापील पत्रकं. माझे मामा अकोल्याला एका छापखान्यात खिळे जुळवायचे आणि येताना उरलेल्या पत्रकांचं एक बोचकं घेऊन यायचे. दारूविरुद्ध, परदेशी कापडाविरुद्ध, भगताविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध, देवी टोचण्याविरुद्ध आणि देवी टोचण्याच्या बाजूनेसुद्धा. चार पानी, आठ पानी, गुलाबी आणि पिवळ्या कागदांवर. चौथी पास झाल्यावर माझी शाळा संपली आणि ही पत्रकं हीच माझी शाळा झाली. ती लिहिणारी माणसं एकमेकांशी कशातच सहमत नव्हती, पण एक गोष्ट सगळ्यांनी मला शिकवली : तुझ्यापासून काहीतरी लपवलं जात आहे. पंधरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय हवं असतं? मी सगळ्यांवर संशय घेऊ लागले. भगतावर घेतला, तो योग्यच होता. देवी टोचायला येणाऱ्या माणसावर घेतला. आत्याच्या प्रत्येक वाक्यावर घेतला. मी स्वतःही हाताने पत्रकं लिहून विहिरीच्या भिंतीला खळीने चिकटवू लागले. आत्या ती सोलून काढी आणि चूल पेटवायला घेई. "कागद तरी कामाले आला," म्हणे.

मायला मात्र सगळी पत्रकं आवडत. ती ऐकता ऐकता मध्येच एखादा प्रश्न विचारी आणि माझी पंचाईत होई. एकदा परदेशी कापडाविरुद्धचं पत्रक मी अगदी भाषणासारखं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सारं बराबर हाय. पन हे लिवनारा कोन्तं धोतर नेसते, ते नाई सांगितलं त्यानं." मी रागावले. आता ऐंशी ओलांडल्यावर वाटतं की घरातली खरी संशयी बाई तीच होती. फरक एवढाच, की ती विचारून थांबायची आणि मी न विचारता निकाल द्यायची.

त्या वर्षी कुंपणाची बाभूळ नव्याने घातली होती. वांग्याच्या वाफ्यात मायच्या टाचेत काटा गेला आणि आत मोडला. तिनं सुईने कोरून अर्धा काढला, वर हळद चेपली आणि पुन्हा वाफ्यात गेली. तिसऱ्या दिवशी पाय जमिनीला टेकवेना. टाच लालबुंद, ताणलेली, हात लावला तर तव्यासारखी गरम. अंगात ताप. आत्याने पाहिलं आणि ताबडतोब दोन हुकूम सोडले. एक, फोडणी बंद. दोन, जवस कुटा. जवसाचं पीठ पाण्यात शिजवून, त्यात हळद घालून, सोसेल तितकं गरम फडक्यावर पसरून ती पोटीस टाचेला बांधायची. दिवसातून चार वेळा. पोटीस निवली की दुसरी. "पिकू द्या त्याले," म्हणायची. "घाई नाई करायची. त्याच्या मनानं फुटते ते."

मी ते बघत होते आणि आतून जळत होते. एकीकडे फोडणीचा वास जखमेला लागतो म्हणणारी बाई, आणि तिच्याच हातची ही पोटीस. जी एका बाबतीत खुळी आहे ती दुसऱ्या बाबतीत शहाणी कशी असेल? माझा हिशेब इतका सोपा होता. शिवाय माझ्याजवळ पुरावा होता. मामांच्या बोचक्यात निसर्गोपचारावरचं एक गुलाबी पत्रक होतं आणि त्यात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. शरीर मुळात निर्मळ आहे. पू म्हणजे सडका मळ, तो दिसताक्षणी बाहेर काढावा. उष्णता ही रोगाची आग, तिला थंड पाण्याने विझवावं. सूज म्हणजे रोगाने बळकावलेली जागा. ते वाचून मला वाटलं, हे तर सगळं साफच आहे. आत्या मायच्या पायात रोग शिजवून राहिली आहे.

पाचव्या दिवशी सकाळी मी वरणाला फोडणी दिली. मुद्दाम दिली. लसूण जास्त घातला, मिरच्या जास्त घातल्या, दार उघडं ठेवलं. चर्र झालं आणि आत्या गोठ्यातून धावत आली.

"कोनं देल्ली फोडनी?"

"मीनं."

"तुले अक्कल हाय का नाई? माय तिकडे पाय धरून राह्यली अन् तू इकडे लसून जाळून राह्यली?"

"वास नाकात जातो आत्या, टाचेत नाई जात. टाचेले नाक असते का?"

बाबा मोटेवरून हे ऐकत होते. ते हसले आणि लगेच तोंड फिरवून बैलाला हाक मारली. आत्याने ते हसू पाहिलं. "हास बा, हास," ती म्हणाली. "डोक्यावर बसव पोट्टीले. त्या कागदायनं एक दिवस घर बुडवीन ते." आणि पाटी उचलून बाजाराला निघून गेली. ते वरण घरात फक्त मी खाल्लं. फार तिखट झालं होतं.

दुपारी घरात मी आणि माय दोघीच होतो. बाबा मोटेवर, आत्या बाजारात. मी मायच्या खाटेपाशी बसले आणि पोटीस सोडली. टाचेवर सुजेच्या मधोमध एक पिवळट ठिपका दिसत होता, आणि भोवती कडक, लाल कड. माय म्हणाली, "राहू दे वं. आत्या येतीन मंग पाहू." मी तिला पत्रकातलं वाचून दाखवलं. तिनं नेहमीसारखं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "यानं कोनाचा पाय पाह्यला होता?" मी म्हणाले, "माय, तुले बरं व्हायचं हाय का नाई?" तिनं मान हलवली. ती हो होती की नाही होती हे मी तेव्हा पाहिलं नाही.

मी दोन्ही अंगठे त्या कडक कडेवर ठेवले आणि सगळा जोर लावून दाबलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पू निघाला, मग पू आणि रक्त, मग नुसतं रक्त, तरी मी थांबले नाही, कारण पत्रकात शेवटच्या थेंबापर्यंत असं लिहिलं होतं. मायनं पदर दातात धरला होता आणि खाटेचा सुंभ दोन्ही हातांत आवळला होता. मग मी विहिरीचं थंडगार पाणी आणून पायावर आणि कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, दर थोड्या वेळाने बदलल्या, आणि आत्या यायच्या आत जुनी पोटीस गार झालेली होती तशीच वरून बांधून टाकली. संध्याकाळी आत्याने विचारलं तेव्हा आताच बदलली म्हणून सांगितलं. हे लपवणं मला लपवणं वाटलं नाही. उद्या सूज उतरली की मी सगळ्यांना सांगणार होते. विहिरीच्या भिंतीला लावायच्या पत्रकाची पहिली ओळसुद्धा मी मनात तयार केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायला हुडहुडी भरली होती. दात वाजत होते. टाचेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत एक लाल रेघ चढली होती, कुंकवाचं बोट ओढावं तशी. जांघेत लिंबाएवढी गाठ, अवधाण, आलं होतं. टाचेवरची ती कड आता कुठेच कडक नव्हती. सगळं पाऊल मऊ, फुगलेलं, दाबलं तर खड्डा राही असं झालं होतं. आत्याने पांघरूण वर केलं, पाहिलं आणि ती माझ्याकडे वळली.

"झालं समाधान? लागला ना वास?"

आणि इथे मी ते केलं ज्याची मला आज, एवढ्या वर्षांनंतरही, सर्वात जास्त लाज वाटते. दाबल्याची तेवढी वाटत नाही; ते अज्ञान होतं. मी भांडले. मी जोरजोरात, मुद्देसूद भांडले की वासाने पाय सुजत नाही. वास म्हणजे काय, तो कुठून जातो, साऱ्या जगात रोज फोडण्या पडतात, मग सगळ्यांच्या जखमा का चिघळत नाहीत, असं सगळं बोलले. माझा प्रत्येक शब्द खरा होता. आणि त्या खऱ्या शब्दांच्या मागे मी लपले होते. घरातल्या सगळ्यांचा संशय फोडणीवर होता आणि जोवर तो फोडणीवर होता तोवर माझ्या अंगठ्यांकडे कुणी पाहणार नव्हतं. मी मायकडे पाहिलं. तिचे डोळे उघडे होते. ती सगळं ऐकत होती.

"गाडी जुंप," आत्या बाबांना म्हणाली, "अन् हिचे सारे कागद चुलीत घाल. नाई तर मी घालतो. वाचनं बंद, अन् यंदा हिचं लगन."

बाबांनी कागदांना हात लावला नाही. गाडीत कडबा पसरला, वर गोधडी टाकली आणि मायला उचलून ठेवलं.

गावातल्या दवाखान्यात अमरावतीकडचे एक डॉक्टर नुकते आले होते. बारीक, चष्मा लावणारे, आवाज चढवून न बोलणारे. सरकारचा पगार घेतात म्हणून मी त्यांच्यावर आधीच संशय धरून होते. त्यांनी मायचा पाय पाहिला, जांघ पाहिली, लाल रेघेवरून नुसतं बोट फिरवलं आणि पहिला प्रश्न विचारला :

"हे कुणी दाबलं?"

आत्या म्हणाली, "दाबलं नाई कोनं डाक्टरसायेब. या पोट्टीनं काल फोडनी देल्ली."

"फोडणीनं काही होत नाही, बाई."

हे वाक्य ऐकून मला काय झालं ते सांगते. मी आत्याकडे पाहिलं. जिंकल्यासारखं पाहिलं. माझी माय शेजारी थरथरत पडली होती आणि मी आत्याकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, आता मायलाच. माय म्हणाली, "कोनं नाई. मीच खाटेले आपटला रात्री." त्यांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग टाचेतला पू एका काचेच्या पट्टीवर घेतला, पसरला, दिव्यावर वाळवला, त्यावर निळा रंग टाकून धुतला आणि खिडकीपाशी ठेवलेल्या पितळी नळीखाली ती पट्टी सरकवली. नळीला एक डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

"काय पाहून राह्यले तुमी?" मी विचारलं.

"कोण जिंकतंय ते," ते म्हणाले. "बघायचंय?"

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक उजेडाचं गोल ताट आणि त्यात निळे ठिपके, शेकडो. गोलसर पेशी, प्रत्येकीच्या पोटात बेलाच्या पानासारखं तीन पाकळ्यांचं गडद काहीतरी. आणि काहींच्या आत, काहींच्या बाहेर, तुटलेल्या माळेतल्या मण्यांसारखे बारीक थेंब.

"मणी म्हणजे रोग," डॉक्टर म्हणाले. "काट्याबरोबर आत गेलेला. आणि मोठे आहेत ते तुझ्या आईचेच आहेत. रक्तातून बाहेर येतात, मण्यांना गिळतात आणि गिळता गिळता मरतात. पू म्हणजे बहुतेक तेच. मेलेले."

मी नळीवरून डोळा काढला. मला वाटलं हा माणूस मला बनवून राहिला आहे. नळीत चित्र बसवलेलं असेल. मी म्हणाले, "हे खरं कशावरून?"

बाबा म्हणाले, "गप वं." पण डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी माठातल्या पाण्याचा थेंब दुसऱ्या पट्टीवर घेऊन दाखवला. त्यात तसलं काही नव्हतं. मी म्हणाले, "माज्या रगताचं दाखवा." त्यांनी सुई तापवून माझं बोट टोचलं, थेंब पसरला, वाळवला, रंगवला. या वेळी ताट वेगळं होतं. फिक्या गोल चकत्यांची गर्दी, आणि मी शोधत राहिले, शोधत राहिले, तेव्हा त्या गर्दीत एक सापडला. तोच. तीन पाकळ्यांचा. मग जरा बाजूला आणखी एक.

"मले तर काईच झालं नाई," मी म्हणाले. "हे काहून हायत माज्यात?"

"ते जन्मापासून असतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. समोरच्या रोगाचं नाव काय, तो याआधी कधी आला होता का, हे त्यांना ठाऊक नसतं. हे आपलं नाही, एवढंच ओळखतात आणि तुटून पडतात. म्हणून तर त्या जागी रक्त धावतं, जागा लाल होते, गरम होते. रक्तातलं पाणी झिरपतं आणि जागा सुजते. सूज रोग आणत नाही. हे लोक ज्या वाटेनं बाहेर येतात ती वाट म्हणजे सूज. आणि चार-पाच दिवसांत भोवताली एक कडक कड तयार होते, रोगाला आत कोंडणारी. तापसुद्धा हेच लोक आणतात." मग आत्याकडे वळून विचारलं, "जवसाची पोटीस बांधली होती ना? गरम?"

"चार वेळ," आत्या म्हणाली.

"बरोबर केलंत. शेकानं रक्त येतं. मग आत्ता सोडली ती कालचीच, गार का होती?"

आत्याला उत्तर ठाऊक नव्हतं. मला होतं.

मग त्यांनी बाबांना दाराशी नेलं, पण दवाखाना एवढासा होता की सगळं ऐकू आलं. त्यांच्याजवळ आत पोचणारं औषध नव्हतं. तेव्हा कुणाजवळच नव्हतं. आज माझी नात कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच गोळ्यांची पट्टी आणते आणि तिसऱ्या दिवशी बरं वाटलं की उरलेल्या फेकून देते; तिला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, "दोनच गोष्टी शक्य आहेत. ती कड तिच्या शरीराला राखता आली नाही आणि रोग आपल्या बळावर वर चढला, असं असेल तर तिच्या अंगातली ताकद संपली आहे. मग थांबण्यात अर्थ नाही. आजच्या आगगाडीनं अकोल्याला न्या. ते गुडघ्याच्या वर पाय कापतील, पण बाई वाचेल. दुसरी गोष्ट, कड शाबूत होती आणि कुणी बाहेरून जोरानं दाबून फोडली. तसं असेल तर आतली माणसं अजून दमाची आहेत. चिरा देऊन वाट मोकळी करतो, शेक चालू ठेवतो, दोन दिवस बघतो. काचेवर ती भरपूर दिसतात. पण काय झालं ते मला कुणी सांगितलं पाहिजे."

बाबांनी खाटेकडे पाहिलं. माय म्हणाली, "सांगितलं ना. आपटला." डॉक्टर म्हणाले, "आपटल्यानं अशी कड तुटत नाही."

मला अजूनही संशय होताच. हा माणूस फसवून कबुली काढत असेल. उद्या काही बरंवाईट झालं तर पोरीनं दाबलं म्हणून मोकळा होईल. सरकारी माणसं असंच करतात असं मी किती पत्रकांत वाचलं होतं. आत्या तिथेच उभी होती, आणि मी बोलले तर माझं वाचणं, लिहिणं, सगळं त्या क्षणी संपणार होतं. पण मी स्वतःच्या डोळ्यांनी माझ्या बोटातला तो तीन पाकळ्यांचा पाहिला होता. तो पत्रकातला नव्हता. माझ्या कातडीखाली, कुणालाच न विचारता, काहीच न लिहिता तो फिरत होता, आणि तसलेच शेकडो मायच्या टाचेत कड धरून मेले होते. ती कड मी तोडली होती.

"मीनं दाबलं," मी म्हणाले. "काल दुपारी. रगत येईलोक दाबलं. पोटीस काढून थंडं पानी लावलं."

बाहेर आमचे बैल घंटा हलवत होते. डॉक्टरांनी विचारलं, "कड कडक होती, दाबण्याआधी?"

"गोट्यासारखी."

"नक्की?"

"माज्या आंगठ्यायले अजून लागून राह्यली."

त्यांनी बाही वर केली आणि पाणी उकळायला सांगितलं.

आत्याने मला मारलं नाही. ती माझ्याजवळ आली, माझा उजवा अंगठा धरून उलटसुलट पाहिला, आणि सोडून दिला. "फोडनीसाठी दोन दिवस भांडली माज्याशी," एवढंच म्हणाली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर राहिलो. चिरांतून पू वाहत राहिला. मिठाच्या गरम पाण्याचा शेक आत्या देई. माझ्या हातून ती कुणाला काही घेऊ देत नव्हती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ शाईने लाल रेघेच्या टोकाशी खूण करायचे. पहिल्या संध्याकाळी रेघ खुणेच्या वर दोन बोटं गेली आणि बाबा स्टेशनावर न्यायला गाडी झाडू लागले. दुसऱ्या सकाळी ती तिथेच होती. संध्याकाळी खुणेच्या खाली होती. मी ती खूण इतक्या वेळा पाहिली, की शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता तरी विश्वास ठेव." मी म्हणाले, "खूण तुमी पुसून खाली तं नाई केली?" ते खूप हसले. मी गंमत करत नव्हते.

बाबांनी पत्रकांचं बोचकं चुलीत घातलं नाही. ते त्यांनी आपल्या पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि सांगितलं की माय मळ्यात चालू लागेपर्यंत एक कागद हातात घ्यायचा नाही. मला ते न्याय्य वाटलं. लग्नाची गोष्ट त्या वर्षापुरती टळली.

माय गाडीतून घरी येताना कडब्यावर पाय लांब करून बसली होती. ताप उतरला होता आणि तिचा चेहरा लहान झाला होता. आत्या पुढे बाबांशेजारी. मी मागे, मायजवळ. मी हळूच विचारलं, "माय, डॉक्टर पाय कापाची गोष्ट करून राह्यले होते. तरी तू खोटं काहून बोलली?"

"तुजं वाचनं बंद झालं असतं."

"अन् पाय गेला असता तं?"

तिनं गोधडी गुडघ्यावर ओढून घेतली. "एक गेला असता," ती म्हणाली. "वाफे बसूनई निंदता येते." मग रस्त्याकडे पाहत, "मले तं वाचता येत नाई ना वं."

मी सगळ्यांवर संशय घेतला होता. हिच्यावर घ्यायचं मला कधी सुचलंच नव्हतं.